पिंजऱ्यात काहीशे आहेत, मग केशरी पोटाचे पोपट सरळ सोडून का देत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नजवळ टार्नीटला नुकतेच राहायला आलेले तुम्ही दोघं वेरिबीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात, तिथे फलकावर ऑरेंज-बेलीड पॅरटचं चित्र बघितलं, घरी येऊन वाचलं तर कळलं की जंगलात मोजकेच उरलेत आणि पिंजऱ्यांत मात्र काहीशे आहेत. मग दार उघडून सोडून का देत नाहीत? आणि दुसरं, घरट्यासाठी पेट्या लावून, दाणे घालून जगवलेला पक्षी जंगली कसा म्हणायचा, ही निसर्गात ढवळाढवळ नाही का?

मी मूळची सोलापूरची. मेलबर्नमध्ये आल्यावर बरीच वर्षं ह्याच पोपटाच्या प्रजनन केंद्रात कीपर होते, नंतर ती नोकरी सोडली पण पक्षी सुटला नाही, त्यामुळे दर हिवाळ्यात खाजणात मोजणीला जाते आणि दोनदा दक्षिणेच्या टास्मानिया बेटावर मेलालूकाला, जिथे हा पक्षी अंडी घालतो, व्हॉलंटियर म्हणून राहून आलेय. म्हणून जरा लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सोडतात की. दरवर्षी सोडतात. सोडणं अवघड नाहीच, अवघड आहे ते जाऊन परत येणं.

आपल्या डोक्यात पोपट म्हणजे एका गावचा पक्षी असतो. आंब्याच्या, पिंपळाच्या ढोलीत घरटं, शेतावर धाड, संध्याकाळी कलकलाट करत त्याच झाडावर. दूरवर स्थलांतर करणारे पोपट जगात फारच थोडे, आणि त्यातले तीन इथे बासची सामुद्रधुनी ओलांडून टास्मानिया आणि मुख्य भूमी अशी ये-जा करतात: हा केशरी पोटाचा, दुसरा स्विफ्ट पॅरट, तिसरा ब्लू-विंग्ड. आमच्या कामात सगळे ऑरेंज-बेलीड पॅरटला नुसतं ओबीपी म्हणतात, मीही तेच लिहिते. वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक वाटी पोहे. अंग गवतासारखं हिरवंगार, कपाळावर निळी पट्टी, आणि ज्याच्यावरून नाव पडलं तो पोटावरचा केशरी डाग बहुतेक वेळा दिसतच नाही कारण पक्षी जमिनीलगत बसून बिया खात असतो.

आता ह्याचं वर्ष बघा. इथला उन्हाळा, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढे, हा पक्षी सगळ्या जगात एकाच ठिकाणी अंडी घालतो, टास्मानियाच्या नैऋत्य टोकाला मेलालूका नावाच्या जागी. रस्ता नाही. छोट्या विमानाने जायचं, नाहीतर बोटीने, नाहीतर कित्येक दिवस चालत. चहूकडे बटनग्रास नावाच्या गवतासारख्या झुडपांचा पाणथळ माळ, मधे मधे निलगिरीची झाडं, त्यांच्या ढोल्यांत घरटं. मादी चार-पाच अंडी घालते, तीन आठवडे बसून राहते आणि तेवढा काळ नर तिला भरवतो. फेब्रुवारी-मार्चला मोठे पक्षी निघतात, टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्याने वर, मग किंग आयलंडवर थांबत थांबत समुद्र ओलांडून व्हिक्टोरिया आणि साऊथ ऑस्ट्रेलियाच्या खाजणात. तिथे हिवाळा काढायचा आणि सप्टेंबरपासून परत खाली.

आणि ह्यातच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे जी फलकावर लिहिलेली नसते. आईबाप आधी निघून जातात. त्या वर्षीची पिल्लं काही आठवडे मागे माळावरच राहतात, खातात, अंगात बळ आणतात आणि मग मोठ्यांशिवाय निघतात. ज्या पिल्लाने जन्मात समुद्र बघितलेला नाही त्याने वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, बेट शोधायचं, पलीकडचा किनारा शोधायचा, तिथे खायला काय आहे ते शोधायचं. जंगलात जन्मलेल्या पिल्लांसाठीच हे इतकं जीवघेणं आहे की नव्वदच्या दशकाच्या मध्यात पहिलं वर्ष पार करणाऱ्या पिल्लांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं ते २०१७ पर्यंत पाचातलं एक इतकं खाली आलं. मोठ्यांचं जगणं तेवढं बिघडलेलं नाही. मार खातात ती पिल्लं, आणि तोही प्रवासात आणि पहिल्या हिवाळ्यात.

आता पिंजऱ्यातले आठवा. ह्यांचं बंदिस्त प्रजनन १९८६ पासून चालू आहे, म्हणजे कितीतरी पिढ्या झाल्या. मी स्वतः भरवलेत, त्यांच्या पेट्या धुतल्यात, अंडी उजेडासमोर धरून तपासलीत. आम्ही मोठे लांबट पिंजरे ठेवायचो, उडायला जागा मिळावी म्हणून, पण लांबट पिंजरा आणि सामुद्रधुनी ह्यात काय तुलना. मग त्यांच्या पंखांचा अभ्यास झाला, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे देयान स्तोयानोविच आणि त्यांचे सहकारी ह्या पोपटावर बरीच वर्षं काम करतायत, आणि त्यात दिसलं ते मला अजून आठवलं की गलबलून येतं. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांच्या पंखाचा आकारच बदललाय. टोकाची पिसं आखूड, आतली लांब, म्हणजे लांब उडायला लागतो तो टोकदार पंख जरा बोथट झालेला. नुसतं बघून कळत नाही, हातात धरून पट्टीने मोजलं तरच कळतं. आणि २०२३ च्या अभ्यासात हिशोब आला की सोडलेल्या पिल्लांपैकी ज्यांचे पंख जंगली पक्ष्यासारखे होते त्यांची स्थलांतरातून वाचायची शक्यता बाकीच्यांपेक्षा २.७ पट जास्त. वर्षानुवर्षं आम्ही वजन बघत होतो, पिसांचा तजेला बघत होतो, विष्ठा तपासत होतो, सगळे रिपोर्ट चांगले यायचे, आणि पंखाचं टोक सावकाश आखूड होत होतं.

म्हणून "दार उघडून सोडा" हा उपाय करून बघितलेला आहे, नाही असं नाही. मेलालूकाच्या उत्तरेला बर्चेस इनलेट म्हणून जागा आहे, तिथे १९९९ पासून जवळजवळ दहा वर्षं दर हंगामात पक्षी सोडले, एकूण चारशेच्या वर. दुसरी वस्ती उभी राहावी हा हेतू. काही जोड्यांनी घरटी केली, पिल्लंही झाली, पण वस्ती स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही. पक्षी हिवाळ्याला गेले आणि पुरेसे परत आले नाहीत. चारशे ही संख्या नीट डोळ्यांसमोर आणा. आज जंगलात जेवढे आहेत त्याच्या कितीतरी पट. आकडा ओतून भोक बुजत नाही, भोक कुठे आहे ते आधी बघावं लागतं.

२०१० मध्ये अंदाज असा निघाला की आहे तसं चाललं तर तीन ते पाच वर्षांत हा पक्षी जंगलातून संपेल. तेव्हा जंगलातली वीसएक पिल्लं पकडून प्रजनन केंद्रांत आणली, कारण पिंजऱ्यातल्यांचं रक्त फार जवळचं झालं होतं आणि बाहेरचं रक्त हवं होतं. तो निर्णय घेणाऱ्यांवर त्या वेळी काय ओझं असेल विचार करा, आधीच हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरलेत आणि त्यातलीच पिल्लं तुम्ही उचलताय. मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता, पण तेव्हा माझ्या ओळखीतली कितीतरी पक्षीवेडी माणसं त्यावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

मग २०१३ पासून वसंतात मेलालूकालाच पक्षी सोडायला लागले. ह्यामागचं गणित साधं आहे. परत येणाऱ्यांत नर जास्त आणि मादी कमी, त्यामुळे निम्मे नर हंगामभर नुसते बसून. तिथे पिंजऱ्यातल्या मादी सोडल्या की जोड्या जुळतात, आणि त्या मादीने पुढे स्थलांतर पार केलं नाही तरी तिची पिल्लं मेलालूकाच्या माळावर, खऱ्या ढोलीत नाहीतर पेटीत, जंगली अन्नावर वाढतात. तरीसुद्धा २०१६ मध्ये परत आलेले पक्षी किती होते माहितीये? सतरा. सगळ्या जगातले जंगली ओबीपी सतरा, त्यात मादी तर बोटावर मोजण्याइतक्या. त्या हंगामात मी तिथे नव्हते, पण प्रजनन केंद्रात आमच्याकडे रोज संध्याकाळी कुणीतरी विचारायचंच, आज काही आला का.

तिथून पुढे सगळं एकत्र जोर लावून केलं. वसंतात मोठे सोडणं वाढवलं. उन्हाळ्याच्या शेवटी पिंजऱ्यातली पिल्लं सोडली, अशा बेताने की त्यांनी जंगली पिल्लांच्या सोबतीने निघावं. काही जंगली पिल्लं हिवाळाभर पिंजऱ्यात ठेवून वसंतात परत तिथेच सोडली, म्हणजे तो पहिला जीवघेणा हिवाळा त्यांना चुकवून दिला. आणि इकडे व्हिक्टोरियात २०१७ पासून एप्रिलच्या सुमारास वेरिबी, बेलरीन भागात खाजणात थेट पक्षी सोडायला सुरुवात केली. कल्पना अशी की पूर्वी थवे असायचे, एकट्यादुकट्याला थव्यात सामील होता यायचं, आता समुद्र ओलांडून आलेलं पिल्लू एकटंच पडतं, तर त्याला दिसायला, ऐकू यायला इथे आधीच कुणीतरी असावं. सोडलेल्यांपैकी काही पुढे खरंच समुद्र ओलांडून मेलालूकाला दिसले. म्हणजे ज्या पक्ष्याने टास्मानिया कधी बघितलं नव्हतं तो वसंत आल्यावर बरोबर दक्षिणेला गेला. ही ओढ आतून आहे, पिंजऱ्यातल्या इतक्या पिढ्यांनंतरही ती गेलेली नाही, आणि माझ्यासाठी सगळ्या कामाला अर्थ देणारी गोष्ट हीच आहे.

२०२० मध्ये परत आले एक्कावन्न. २०२१ मध्ये सत्तर. त्यानंतरही आकडा त्या सतराच्या कितीतरी वर राहिलाय. पण हा आकडा वाचताना भुलू नका, ह्यात आधीच्या वर्षी सोडलेले पक्षी आणि त्यांची पिल्लं आहेत. सोडणं उद्या थांबवलं तर हा आकडा टिकेल असं ह्या कामातलं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

एक माझी आठवण सांगते. प्रजनन केंद्रात एक मादी होती, अंड्यातून बाहेर आली तेव्हा चार भावंडांत सगळ्यात लहान, तिला मी एक एक तास जास्त बसून बघायचे, खातेय का, गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलीये का. ती मेलालूकाला सोडायच्या यादीत आली. पुढच्या वर्षी मी व्हॉलंटियर म्हणून पहिल्यांदा तिथे गेले. तिथे काम काय असतं तर सकाळ-संध्याकाळ दाण्याच्या टेबलासमोर बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक पोपटाच्या पायातल्या रिंगा स्कोपमधून वाचून लिहायच्या, प्रत्येक पक्ष्याला वेगळी रिंग, त्यामुळे कोण आलं कोण नाही हे नावानिशी कळतं. पंधरा दिवस पाऊस, गारठा, बोटं आखडलेली, आणि मी प्रत्येक पायात तिची रिंग शोधत होते. आदल्या उन्हाळ्याच्या वहीत तिची नोंद सापडली, तिने घरटं केलं होतं, तीन पिल्लं उडाली होती. ती स्वतः आली नाही. तिच्या पिल्लांपैकी एक आलं. एकच. सकाळी साडेसहाला टेबलावर उतरलं, दोन मिनिटं खाल्लं आणि गेलं. त्या पिल्लाचा पंख कसा असेल, ते एकटं निघालं तेव्हा वारा कुठला असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ढवळाढवळीचा. हा प्रश्न मलाही पहिली काही वर्षं छळायचा. पेट्या लावायच्या, त्या साफ करायच्या (ट्री मार्टिन नावाचे पाकोळीसारखे पक्षी त्यात घुसतात, ते वेगळंच भांडण), दाणे ठेवायचे, पिल्लांचं रक्त तपासायचं. २०१५ च्या सुमारास चोच आणि पिसांचा तो पोपटांचा विषाणूजन्य रोग जंगली पिल्लांत निघाला, तेव्हापासून पेट्यांची आणि टेबलांची स्वच्छता हॉस्पिटलसारखी. ह्याला जंगली जगणं म्हणायचं का?

पण मेलालूकाचा माळ बघितला आणि तिथला इतिहास वाचला की प्रश्नच बदलतो. तो माळ आपोआप माळ राहिलेला नाही. तिथे नीडवोनी लोक राहायचे, हजारो वर्षं, आणि ते माळ तुकड्या-तुकड्याने जाळायचे. आपल्याकडे वणवा आणि भाजावळ ह्यात जो फरक आहे तोच इथे समजा. वणवा लागतो, भाजावळ करतात, कधी करायची, किती करायची, वारा कुठला हवा ते ठरवून. बटनग्रासचा माळ जळल्यावर काही वर्षांनी त्यात ज्या बारीक वनस्पती उगवतात, फुलतात आणि बी धरतात, त्यांच्या बियांवर हा पोपट पिल्लं वाढवतो. माळ फार जुना झाला, दाट झाला, की ते बी कमी होतं. १८३० च्या दशकात तिथल्या मूळ लोकांना त्यांच्या भूमीवरून हलवलं गेलं आणि ती जाळण्याची शिस्त त्यांच्याबरोबर गेली. म्हणजे ढवळाढवळ झाली ती तेव्हा. आता पार्कवाले ठरवून छोटे छोटे पट्टे जाळतात ते मोडलेली गोष्ट परत जोडायचा प्रयत्न म्हणून, आणि माझ्या मते पेट्या आणि दाणे ह्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचं आहे, फक्त त्याचे फोटो तेवढे गोड येत नाहीत. दाणे हे सलाईन आहे, माळ हे जेवण आहे.

दुसरं टोक म्हणजे हिवाळ्याचं, आणि हे तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. खाजण म्हटलं की कोकणातल्या माणसाला लगेच कळतं, भरतीचं पाणी जिथे येऊन जातं ती खारट सपाट जमीन, ना धड शेत ना धड समुद्र, म्हणून सगळ्यांना वाटतं पडीक आहे, भराव टाका. इथेही तेच झालं. पोर्ट फिलिप उपसागराच्या पश्चिम काठाला खाजणं आणि मिठागरं होती, कुठे चराई, कुठे बांध, कुठे कारखाने, कुठे घरं. पॉइंट कुकचं सँक्च्युरी लेक्स, जिथे आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, ते जुन्या मिठागराच्या जमिनीवर वसलंय. मी कुणाला दोष देत नाहीये, मीही इथे भाड्याने राहिलेय. फक्त पायाखाली काय होतं ते माहीत असावं.

खाजणात ग्लासवर्ट म्हणून मांसल, मण्यांच्या माळेसारखी दिसणारी बुटकी झुडपं असतात, आणि सीब्लाइट, त्यांच्या बारीक बिया हे ओबीपीचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न. आणि आज मेलबर्नच्या जवळ ह्यांच्यासाठी सगळ्यात भरवशाच्या जागांपैकी एक कुठली आहे तर वेरिबीचं वेस्टर्न ट्रीटमेंट प्लांट, म्हणजे अर्ध्या मेलबर्नचं सांडपाणी जिथे येतं ती जागा. १८९७ पासून चालू आहे. दहा हजार हेक्टरच्या वर जमीन, एका मोठ्या संस्थेच्या ताब्यात, कुंपण, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून किनाऱ्याची पट्टी वाचली. तळी आणि खाजण मिळून पक्ष्यांसाठी रामसार ह्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. नव्या आलेल्या मराठी लोकांना मी जेव्हा सांगते की मेलबर्नचं पक्षी बघायचं तीर्थ म्हणजे मैलापाण्याचं केंद्र, तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही, पण एकदा जाऊन या.

मोजणी मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये असते. बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया ह्या पक्षीसंस्थेची माणसं आणि व्हॉलंटियर किनाऱ्याकिनाऱ्याने एकाच वेळी खाजणं पिंजून काढतात. खरं सांगते, बहुतेक दिवशी एकही ओबीपी दिसत नाही. दिसतात ते ब्लू-विंग्ड, आणि ह्यातच नवखे लोक फसतात. ब्लू-विंग्डचा हिरवा रंग जरा मळकट, शेवाळी, पंखावरचा निळा पट्टा मोठा, डोळ्यापुढचा भाग पिवळा. ओबीपीचा हिरवा चकचकीत, ताज्या कोथिंबिरीसारखा. पण ढगाळ दिवशी, दोनशे फुटांवरून, वाऱ्यात डोळ्यांतून पाणी येत असताना कोथिंबीर आणि शेवाळ सारखंच दिसतं. म्हणून आवाज शिका. घाबरून उडताना ओबीपी किडा गुणगुणल्यासारखा भराभर बझ्झ आवाज करतो, तो एकदा कानात बसला की विसरत नाही. आणि केशरी पोट दिसलं म्हणून उड्या मारू नका, ह्या गटातल्या दुसऱ्या पोपटांच्या पोटावरही कधी कधी केशरी छटा असते.

एकही न दिसणं ही पण नोंद असते हे लक्षात ठेवा. कुठल्या खाजणात पाच वर्षं कुणीच दिसलं नाही हे कळलं तरच तिथे काय बिघडलंय ते शोधता येतं. इतक्या छोट्या पक्ष्याच्या पाठीवर बसणारा ट्रान्समीटर जेमतेम एक-दीड ग्रॅमचा असावा लागतो, त्याची बॅटरी किती टिकणार, त्यामुळे माणसांचे डोळे अजून लागतात. समुद्रावर नेमकं कुठे मरतात हे अजून कोडंच आहे.

पवनचक्क्यांबद्दलही तुम्ही वाचलं असेल म्हणून दोन शब्द. २००६ मध्ये व्हिक्टोरियातल्या बॉल्ड हिल्सचा पवनऊर्जा प्रकल्प तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री इयन कॅम्पबेल ह्यांनी ह्याच पोपटाचं नाव पुढे करून अडवला, आणि अहवालातला धोका बघितला तर हजार वर्षांत एखादा पक्षी इतका होता. निर्णय पुढे फिरला, प्रकल्प झाला, पण पोपट मात्र लोकांच्या मनात विकासाच्या आड येणारा पक्षी होऊन बसला. त्याने जे नुकसान झालं ते कुठल्या पात्याने झालं नसतं. ह्याचा अर्थ पवनचक्की कुठेही चालेल असा नाही. टास्मानियाच्या वायव्य टोकाला रॉबिन्स आयलंड स्थलांतराच्या वाटेवरच आहे, तिथल्या प्रकल्पाला २०२२ मध्ये वर्षातले पाच महिने पाती बंद ठेवायची अट घातली होती, ती नंतर लवादात गेली. माझं मत विचाराल तर जागा बघून ठरवायला हवं, आणि जिथे वाट अरुंद आहे तिथे पक्ष्याच्या बाजूने झुकायला हवं. माळढोकाच्या बाबतीत विजेच्या तारांवरून आपण हे सगळं बघितलेलंच आहे. बाबा मला लहानपणी सोलापूरजवळच्या नान्नजला घेऊन जायचे, तेव्हा माळढोक दिसायचा. आता त्याचं प्रजनन राजस्थानात केंद्रांमध्ये चालू आहे, आणि मी त्या बातम्या वाचते तेव्हा मनात पहिला विचार येतो तो माळाचा, पिल्लं होतील, पण ती जातील कुठे.

स्विफ्ट पॅरटचं दुखणं वेगळं आहे, तो विषय मोठा आहे. तोही टास्मानियातच अंडी घालतो, पण ब्लू गम ह्या निलगिरीच्या जातीला ज्या वर्षी जिथे फुलोरा असेल तिथे, त्यामुळे जुनी झाडं तोडली की त्याचं अन्न आणि ढोली दोन्ही जातात. शिवाय माणसांनी टास्मानियात आणलेले शुगर ग्लायडर हे झाडांवर राहणारे छोटे प्राणी रात्री ढोलीत शिरून बसलेल्या मादीला खातात. तिथे ग्लायडर नसलेली ब्रुनी आणि मारिया ही बेटं जपणं हा मोठा आधार आहे. दोघांना एकच औषध चालत नाही एवढंच इथे सांगते.

तुम्ही काय करू शकता विचारलंय. घरी मांजर असेल तर रात्री आत ठेवा, वेरिबी-पॉइंट कुककडे तर नक्कीच. पाळलेला कुठलाही पोपट, बजरिगरसुद्धा, कंटाळा आला म्हणून किंवा पुण्य लागेल म्हणून बाहेर सोडू नका. त्याच्यामुळे तो चोचीचा रोग पसरू शकतो, आणि सोडलेला पक्षी बहुतेक वेळा उपाशी मरतो. खाजणात कुत्रा मोकळा सोडू नका, वाट सोडून चालू नका, ग्लासवर्ट पायाखाली मोडलं की सावकाश भरून येतं. आणि कधी नशिबाने ओबीपी दिसलाच तर लांबूनच फोटो काढा, पायातली रिंग दिसते का बघा, बर्डलाइफला कळवा, आणि जागा फेसबुकवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी पन्नास कॅमेरे तिथे उभे राहिलेले मी बघितलेत आणि पक्षी तिसऱ्या दिवशी निघून गेला होता.

मेच्या मोजणीला यायचं असेल तर एप्रिलमध्येच नाव नोंदवा, प्लांटच्या आत जायची परवानगी लागते ती लवकर काढावी लागते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणा, साधे बूट पहिल्या पन्नास पावलांत भिजतात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे, स्कोप आमच्याकडे असतो. थर्मासमध्ये चहा भरपूर घ्या, तिथे सकाळी सातला वारा फार बोचरा असतो, आणि त्याआधी महिनाभर ब्लू-विंग्डचा आणि ओबीपीचा आवाज रोज एकदा तरी ऐकत जा.